चिलखती पोलादावरचं थालीपीठ

माझं पोस्टिंग मेरीलँडला झालं, तेव्हा आईने फोनवर विचारलं, "तिथे युद्ध आहे का?"

"नाही. तिथे पोलादावर गोळ्या मारतात."

"का? पोलादाने काय केलंय?"

मी तेव्हा हसलो. पुढे तिथल्याच गोळीबाराच्या मैदानावर आईने त्या पोलादाचं जे केलं, ते आमच्या सगळ्या गोळ्यांना मिळून जमलं नव्हतं.

हे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचं. मी अमेरिकन आर्मीत स्पेशालिस्ट फोर होतो, म्हणजे सार्जंटच्या खालचा साधा जवान. घर न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला. नऊ वर्षांचा असताना पुण्याहून आलो होतो. आमच्या मराठी मंडळात मुलं दोन प्रकारची होती, डॉक्टर होणारी आणि इंजिनियर होणारी. मी कॉलेज अर्धवट सोडून आर्मीत भरती झालो तेव्हा लोकांनी आईला विचारलं, "डॉक्टर म्हणून ना?" आई "बघू" म्हणायची. बाबा सिव्हिल इंजिनियर. ते काहीच म्हणायचे नाहीत. फोनवर हवामान विचारायचे आणि रिसीव्हर आईकडे द्यायचे.

आर्मीत माझ्या पटवर्धन या आडनावाचं पहिल्याच दिवशी 'पॅट' झालं. माझी काहीच तक्रार नव्हती.

आमचं काम सांगतो. सैन्याच्या चिलखती गाड्यांचे दरवाजे ज्या पोलादाचे करतात, त्याच्या प्लेट्स पेनसिल्व्हेनियातल्या एका कारखान्यातून यायच्या. प्रत्येक मोठ्या खेपेबरोबर एक नमुन्याची प्लेट. दीड वीत लांबरुंद, बोटभर जाड, कोपऱ्यात ठोकलेला नंबर. आधी तिच्यावर प्रेसने एक कडक गोटी दाबायची आणि खड्डा किती पडला ते मोजायचं. खड्डा लहान म्हणजे पोलाद कडक. मग ती प्लेट चौकटीत बसवायची आणि तिच्यावर गोळीबार करायचा. गोळी अडली तर सगळी खेप पास. आरपार गेली तर सगळी खेप परत.

आमच्या टीमचा प्रमुख स्टाफ सार्जंट डॉब्स. टेनेसीचा, उंच, आवाज खर्जातला. पोलादावर त्याचा एवढा जीव होता की प्लेट नापास झाली तर दुपारी तो जेवायचा नाही. त्याच्या बाहीवर तीन पट्टे होते आणि खाली एक कमान. दुसरी कमान मिळाली की तो सार्जंट फर्स्ट क्लास होणार होता. दोनदा त्याचं नाव मागे पडलं होतं. त्याचे वडील त्याच हुद्द्यावर निवृत्त झाले होते आणि अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत ती कमान बाहीवर यावी, एवढंच त्याला हवं होतं. यंदा बढती बोर्डाच्या यादीत त्याचं नाव होतं. यादीवर शेवटची सही शुक्रवारी व्हायची होती.

त्याच्या आधीच्या शनिवारी युनिटचा फॅमिली डे होता. आई-बाबा पिस्कॅटवेहून आले. आईने डब्यात भाजणी, कांदे, तीळ आणि लोण्याचा गोळा आणला होता. अमेरिकन सैन्य माझी उपासमार करतंय, अशी तिची पक्की खात्री होती. ग्रिल पेटलेली होती आणि तिच्यावर बीफ होतं. आईने एकदाच पाहिलं आणि नाकाला पदर लावला.

मला त्या दिवशी पार्किंगची ड्यूटी होती. मी गाड्यांना हात करत उभा होतो. पुढचं मला नंतर तीन-चार जणांनी सांगितलं आणि सगळ्यांच्या सांगण्यात मेळ होता, म्हणजे ते खरं असणार.

डॉब्स आईपाशी गेला. टोपी काढली. "मॅम, पॅटची आई म्हणजे आमची पाहुणी. काय हवं?"

आई म्हणाली, "क्लीन आयर्न. नो मीट. फ्लॅट."

डॉब्स तिला वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. तिथे भिंतीला शंभरेक प्लेट्स टेकून ठेवल्या होत्या. सगळ्या चाचणी झालेल्या, आणि निकाल लागला की प्लेट फुटेपर्यंत मारा करायची आमची रीत, म्हणजे सगळ्यांना भोकं. आईने एकेक पाहिली आणि मान हलवली.

"होल," ती म्हणाली. मग तिला बाबांच्या इंग्रजीची मदत घ्यावी लागली. वाक्य मराठीत असं होतं, "भोकं थालीपीठाला असतात, तव्याला नसतात."

डॉब्सने विचार केला. अख्ख्या इमारतीत भोक नसलेली प्लेट एकच होती, सोमवारच्या चाचणीची नमुना प्लेट. तिचा कडकपणा मोजून झाला होता, फक्त गोळीबार बाकी होता. त्याने ती रॅकवरून काढली आणि आईच्या हातात दिली.

"मॅम, हे पोलाद गोळी अडवतं," तो म्हणाला. "तुमच्या पॅनकेकला घाबरणार नाही."

तेही चूक नव्हतं. नुसतं थालीपीठ लावलं असतं तर त्या पोलादाला फारसं काही झालं नसतं. पण डॉब्सला एक गोष्ट ठाऊक नव्हती. आमच्या घरात नव्या तव्यावर कोणी थेट थालीपीठ लावत नाही. नवा तवा आधी मुरवतात. आईची पद्धत तिच्या आईकडून आलेली होती. तवा राखेने घासायचा, निखाऱ्यावर लाल होईपर्यंत तापवायचा, लाली उतरली की अर्ध्या कांद्याने तेल चोळायचं, आणि शेवटी निखाऱ्यातच सावकाश निवू द्यायचा. घाई केली तर तवा रुसतो, असं ती म्हणते.

डॉब्स घोड्याचे नाल फेकायच्या स्पर्धेला निघून गेला. आईने कोळशाची वेगळी शेगडी मागितली. पोरांनी अर्धं पिंप आणून दिलं. प्लेट जाड होती, तापेना. आईने बाबांना वारा घालायला सांगितलं. बाबा कागदी प्लेटने वारा घालू लागले. ते पाहून वर्कशॉपमधल्या दोन जवानांना दया आली आणि त्यांनी धूर काढायचा मोठा ब्लोअर आणून पिंपाला जोडला. सैनिकाकडे पंखा मागितला तर तो वादळ आणतो. प्लेट दहा मिनिटांत लालभडक झाली. आई खूश झाली. म्हणाली, "पोरं कामाची आहेत."

मी ड्यूटी संपवून आलो तेव्हा रांग लागली होती. टेक्सासचे, ओहायोचे, पोर्तो रिकोचे जवान हातात कागदी प्लेट घेऊन थालीपीठाची वाट पाहत होते. बीफची ग्रिल ओस पडली होती. डॉब्सने चार खाल्ली आणि नाव विचारून घेतलं. "थालीपीठ" हा शब्द तो संध्याकाळपर्यंत घोकत होता. शेवटी तो त्याला माझ्या न्यू जर्सीतल्या चुलत भावंडांपेक्षा स्वच्छ म्हणता येऊ लागला.

निवल्यावर आईने प्लेट घासून, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिली. काळी कुळकुळीत झाली होती. डॉब्सला वाटलं, तेलाने झाली असेल. त्याने ती रॅकवर ठेवली.

सोमवारी सकाळी गोळीबार होता. कारखान्याच्या वतीने मिस्टर नोवाक आले होते. साठीचा माणूस, टाय आणि हेल्मेट. त्या वर्षांत पेनसिल्व्हेनियातले कारखाने एकामागून एक बंद पडत होते. नोवाकच्या कारखान्याच्याही भट्ट्या एकेक करून विझल्या होत्या आणि एकच पेटती होती, ती या ऑर्डरवर. ते कॉफी घेऊन बसले, पण प्यायले नाहीत. आमच्या कमांडिंग ऑफिसर कॅप्टन मार्लो बंकरमध्ये उभ्या होत्या. बुटकी, काटेकोर बाई. त्या हसल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

मैदानाच्या नियंत्रण कक्षाशी बोलायचा रेडिओ माझ्याकडे होता; आमच्या गोळीबाराच्या जागेचं नाव बे टू.

"रेंज कंट्रोल, बे टू. रेडी टू फायर."

"बे टू, क्लियर टू फायर."

"फायर."

आवाज झाला. डॉब्सने दुर्बिणीतून पाहिलं आणि काच पुसली. मग म्हणाला, "पुन्हा."

"फायर."

दुसरी गोळीही लोण्यातून सुरी जावी तशी गेली. पलीकडच्या मातीत धूळ उडाली. नोवाकनी हेल्मेट काढलं आणि मांडीवर ठेवलं. कॅप्टन मार्लो म्हणाल्या, "आरपार. खेप नापास. संध्याकाळपर्यंत कागद पाठवा." आणि त्या निघून गेल्या.

डॉब्स आणि मी प्लेट काढायला गेलो. तिच्यात दोन गोल, गुळगुळीत भोकं होती. कडक पोलाद असं फुटत नाही. डॉब्सने एका भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग त्याने खाली वाकून वास घेतला.

"पॅट, वास घे."

मी घेतला. बंदुकीच्या दारूच्या वासाखाली धणे, तीळ आणि कांदा. मला आमचं पिस्कॅटवेचं स्वयंपाकघर आठवलं.

"आईला फोन लाव," डॉब्स म्हणाला. "किती तापवलं होतं विचार."

मी ऑफिसमधून फोन लावला. डॉब्स शेजारी उभा होता.

"आई, शनिवारी ती प्लेट किती तापवलीस?"

"लाल होईपर्यंत. तवा आधी लाल करायचा असतो. का रे? कोणाला थालीपीठं बाधली का?"

"नाही."

"मग? परत हवीत का?"

मी डॉब्सला सांगितलं. तो खुर्चीत बसला. असं पोलाद भट्टीत तापवून, झटकन गार करून कडक केलेलं असतं. तेच पुन्हा लाल करून सावकाश निवू दिलं की कडकपणा उतरतो. हे डॉब्सला झोपेतही सांगता आलं असतं. कारखान्याचं पोलाद चांगलंच होतं. बिघडलं ते आमच्या फॅमिली डेला.

नापास व्हायचं खरं कारण आता फक्त आम्हा दोघांनाच माहीत होतं. डॉब्स गप्प बसला असता तर खेप परत गेली असती, नोवाकची शेवटची भट्टी विझली असती आणि शुक्रवारी डॉब्सच्या बाहीवर दुसरी कमान आली असती. खिडकीतून नोवाक दिसत होते. ते गाडीशेजारी उभे होते, पण गाडीत बसत नव्हते.

डॉब्सने एक शिवी दिली. ती इथे लिहीत नाही. मग शर्ट नीट खोचला आणि कॅप्टनचं दार ठोठावलं. मला म्हणाला, "तू चल. माझा तो शब्द चुकला तर सांग."

"मॅम," डॉब्स अटेन्शनमध्ये म्हणाला, "नमुना प्लेट चाचणीआधी तापवली गेली होती. लाल होईपर्यंत. मी ती एका पाहुणीला स्वयंपाकासाठी दिली होती."

कॅप्टन मार्लोंनी पेन खाली ठेवलं. "स्टाफ सार्जंट, तू मला सांगतोयस की अमेरिकन सैन्याच्या नमुना प्लेटवर पॅनकेक केले?"

"पॅनकेक नाही, मॅम. थालीपीठ."

उच्चार बरोबर होता. मी मान डोलावली.

कॅप्टननी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "हे मी वर कळवलं तर लोक मला वेडी म्हणतील. पुरावा हवा. कारखान्याने त्याच खेपेतून दुसरी प्लेट कापून आणायची. तिचे दोन तुकडे करायचे. एक जसाच्या तसा ठेवायचा. दुसऱ्यावर शनिवारी केलं तेच, तसंच करायचं. त्याच व्यक्तीने."

अशा तऱ्हेने माझ्या आईला अमेरिकन सैन्याने अधिकृतपणे पाचारण केलं.

गुरुवारी बाबा तिला घेऊन आले. नऊवारी नेसून यायचा तिचा विचार होता, पण बाबांनी पाचवारीवर मिटवलं. साडीखाली कॅनव्हासचे बूट, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर संरक्षक चष्मा. गेटवरच्या शिपायाने तिला सलाम ठोकला, का ते त्यालाही माहीत नसावं. तिला बघून माझी छाती अशी फुगली की बटण तुटायची वेळ आली.

तेच पिंप, तोच ब्लोअर. एका सिव्हिलियन इंजिनियरने तुकड्याला तापमान मोजायची तार लावली होती. तो वही घेऊन आईच्या मागे मागे फिरत होता. त्याच्या आणि आईच्या मध्ये मी दुभाषी.

"पुरेसं तापलं हे तुम्ही कसं ठरवता, असं तो विचारतोय."

"डोळे नाहीत का त्याला? लाल झालंय."

"आणि थालीपीठ लावायच्या आधी?"

"पाण्याचा थेंब टाकायचा. नाचला पाहिजे. बसला तर थांबायचं. पळाला तर उशीर झाला."

इंजिनियरने तेही लिहून घेतलं.

तेल-कांदा चोळून झाला. इंजिनियर म्हणाला, आता निवू द्या, काम झालं. आईने पिशवीतून भाजणीचा डबा काढला.

"आई, थालीपीठं नको आहेत. चाचणी आहे."

"शनिवारी केलं तेच, तसंच, असं तुझी बाई म्हणाली ना? आणि एवढा छान तापलेला तवा वाया घालवू?"

कॅप्टन मार्लोंना मी हे सांगितलं. त्यांनी विचार करून मान्य केलं. पद्धत पूर्ण झाली पाहिजे. मग कॅप्टन, इंजिनियर, नोवाक, डॉब्स, सगळ्यांनी उभ्याउभ्या थालीपीठं खाल्ली. कॅप्टननी दुसरं मागून घेतलं. आई मला हळूच म्हणाली, "बाई वाळलेली दिसते. कोण बघतं हिच्याकडे?" सुदैवाने याचं भाषांतर कोणी मागितलं नाही.

दुपारी प्रेस लावली. न तापवलेल्या तुकड्यावर छोटा खड्डा. आईच्या तुकड्यावर वाटीसारखा. मग गोळीबार. पहिल्या तुकड्यावर गोळी चपटी होऊन पडली. आईचा तुकडा लोण्यासारखा गेला. नोवाकनी डॉब्सचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांच्या गालावरून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

खेप पास झाली. अहवालात कारण लिहिलं होतं, 'नमुन्याला चाचणीपूर्वी अनियंत्रित उष्णता लागली.' थालीपीठाचा उल्लेख नव्हता. पण तपासणीचं साहित्य या रकान्यात शेवटी लिहिलं होतं, कांदा, अर्धा.

शुक्रवारी यादी लागली. डॉब्सचं नाव कापलं होतं. चाचणीच्या साहित्याची हयगय. कॅप्टननी वर जाऊन भांडून पाहिलं, असं नंतर कळलं. डॉब्स यादीपाशी उभा राहिला, वाचलं आणि म्हणाला, "चला, बे टू साफ करायचंय." पुढच्या महिन्यात त्याचे वडील गेले.

मी हे आईला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. तिने परात बाजूला सारली आणि जमिनीवर बसली.

"माझ्यामुळे," ती म्हणाली.

"तुझ्यामुळे नाही. तो गप्प बसू शकला असता."

"म्हणजे माझ्यामुळेच ना. मी लाल केला आणि तो खरं बोलला." मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "त्याच्या आईला कोण आहे?"

दारात बाबा उभे होते. ते म्हणाले, "श्रीरंग, तू चांगल्या माणसाच्या हाताखाली आहेस." मी भरती झाल्यापासून त्यांनी हवामान सोडून काढलेला हा पहिला विषय. मी "येस सर" म्हणालो. सवय.

दोन वर्षांनी डॉब्सला कमान मिळाली. त्या शनिवारी तो न कळवता गाडी चालवत पिस्कॅटवेला आला. एका काखेत गणवेशाचा कोट, दुसऱ्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती जुनी प्लेट, दोन भोकांसकट. कोट आईपुढे धरला. "मॅम, कमान तुम्ही लावा. दुसऱ्या कोणाच्या हातची मला नको."

आईने शिवणयंत्र बाहेर काढलं. कमान लावायला पाऊण तास घेतला. दोनदा उसवली, कारण अर्धा धागा वाकडी होती. प्लेट बघून मात्र म्हणाली, "याला भोकं आहेत." डॉब्स हसला. ती प्लेट गॅरेजमध्ये गेली.

पुढे आखाताच्या वाळवंटात लढाई झाली. मी तेव्हा आर्मी सोडली होती. डॉब्स तिकडे लढायला गेला होता. बंद पडलेली एक गाडी ओढून आणायला तो आपल्या पोरांच्या पुढे चालत गेला आणि सुरुंगावर पाय पडला. बाकीचे सगळे परत आले. थडग्यावर सार्जंट फर्स्ट क्लास असं लिहिलंय. मी हात फिरवून पाहिलं.

त्या वर्षी पितृपक्षात आईने मला चतुर्दशीला घरी बोलावलं. शस्त्राने गेलेल्यांचं त्या तिथीला करतात. मी म्हटलं, "आई, तो बॅप्टिस्ट होता."

"जेवायचा ना?" ती म्हणाली.

स्वयंपाकघरात गेलो तर शेगडीवर ती प्लेट होती. घासलेली, तेल लावलेली, दोन्ही भोकांतून निळी ज्योत दिसत होती. जन्मभर जिने भोकाचा तवा घरात येऊ दिला नाही, ती त्याच्यावर थालीपीठ लावत होती. भोकांवर येईल तिथे पीठ करपत होतं. मी लोण्याची वाटी तिच्यापुढे सरकवली.

मागच्या अंगणातल्या लाकडी डेकवर पान वाढलं. चार थालीपीठं, लोणी, आणि कडेला रूट बिअर या बिनदारूच्या पेयाचा कॅन, कारण त्याला ते आवडायचं. आम्ही काचेआड उभे राहिलो. कावळे कुंपणावर बसले होते, येत नव्हते.

"त्याचं काहीतरी राहिलंय," आई म्हणाली. "तू बोल त्याच्याशी. तुमच्या भाषेत."

मी दार उघडून डेकवर गेलो. मोजे घातलेल्या पायांनी अटेन्शनमध्ये उभा राहिलो.

"सार्जंट फर्स्ट क्लास डॉब्स. बे टू साफ आहे. तुमची सगळी पोरं परत आली."

कावळे हलले नाहीत. ओकच्या झाडावरून एक जाडजूड खार उतरली, पानाभोवती एक फेरी मारली, वरचं थालीपीठ दोन्ही हातांत धरलं आणि आमच्याकडे बघत खाऊ लागली.

बाबा म्हणाले, "कावळा शिवायला हवा ना?"

आई डोळे पुसत हसली. "तो टेनेसीचा. त्याला खार चालते."

खार दुसऱ्या थालीपीठाकडे वळली. आईने आत जाऊन तव्यावर आणखी एक लावलं.